साठ ठिकाणी रेझ्युमे पाठवला, एकही फोन नाही. चुकतंय कुठे?

गोदाकाठचा_गण्या | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, धाकट्या भावाचा आहे. मेकॅनिकल डिप्लोमा, २०२२ पासआउट. तीन वर्षं नाशकात अंबडला एका व्हेंडर कंपनीत व्हीएमसीवर (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) होता, अर्थात ठेकेदाराकडून. दिवाळीनंतर दोन शिफ्टची एक शिफ्ट झाली आणि एका शनिवारी सांगितलं, "सोमवारपासून येऊ नका."

तेव्हापासून साठेक ठिकाणी रेझ्युमे गेला. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, काही सोडलं नाही. गेटवर वॉचमनच्या हातातही देऊन झाला. एक फोन नाही. रेझ्युमे कॉलेज रोडला एका दुकानातून ३०० रुपये देऊन करून घेतलाय. दिसायला झकास आहे, डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो. मजकूर असा:

ऑब्जेक्टिव्ह : टू ऑब्टेन अ चॅलेंजिंग पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन
अनुभव : व्हीएमसी ऑपरेटर, ३ वर्षं. मशीन चालवणे, दिलेले काम वेळेत पूर्ण करणे
स्ट्रेंग्थ : हार्डवर्किंग, पॉझिटिव्ह थिंकिंग, टीम प्लेयर
हॉबी : क्रिकेट, गाणी ऐकणे
मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, रक्तगट, अविवाहित, आणि शेवटी "वरील माहिती सत्य आहे" म्हणून सही.

(इंग्रजीत आहे, इथे मराठीत टंकलंय.) मोकळेपणाने चिरफाड करा. भाऊ वाचतोय, पण तो चिडत नाही.

तर्री_वेगळी | रात्री १०.२०

३०० रुपयांत तीन जणांची मिसळ झाली असती, वर ताक.

वाचून एवढं कळलं की भाऊ अविवाहित आहे आणि त्याला रक्त आहे. काम काय करतो ते काही कळलं नाही.

सातपूरकर_जुना | रात्री १०.४१

गण्याभाऊ, स्पष्ट बोलतो. रेझ्युमेने नाशकात नोकरी लागत नाही. मी १९८३ साली सातपूरला लागलो तो मामांच्या ओळखीने. अर्ज म्हणजे टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये काढलेला एक कागद आणि दोन कार्बन कॉपी. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्डही होतं, ते दर तीन वर्षांनी रिन्यू करत राहिलो, कॉल कधी आला नाही. नोकरी लागली ती कारण कंपनीच्या क्रिकेट टीमला डावखुरा बोलर हवा होता आणि मामा स्टोअर्सला होते. आजही तेच. भावाला सांगा, ज्या कंपन्यांत बॅचमेट आहेत तिथे फोन लावायला लाग. कागद कोणी वाचत नाही.

सिडकोची_सून | रात्री ११.२८

काका, कागद वाचणारी मी इथे बसलेय की! अंबडमध्येच एका मध्यम कंपनीत नऊ वर्षं एचआरला आहे. ओळख चालते हे खरं, नाकारत नाही. पण ओळखीतून आलेला माणूसही शेवटी म्हणतो, "रेझ्युमे व्हॉट्सअपवर टाकतो." तो मी प्रॉडक्शनच्या साहेबांकडे पाठवते. तिथे तुमचे मामा नसतात, तो कागदच असतो.

आता कागदाबद्दल. आम्ही ऑपरेटरची जाहिरात टाकली की दोन दिवसांत मेलबॉक्स ओसंडून वाहतो. मी एकेक नीट वाचत बसत नाही, खोटं कशाला सांगू. पहिल्या पानाचा वरचा तुकडा बघते. तिथे मला "चॅलेंजिंग पोझिशन" दिसली तर ती मी त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेली असते.

"मशीन चालवणे" म्हणजे काय हो? जॉब, म्हणजे तो धातूचा तुकडा, मशीनवर लावणं आणि काढणं, एवढंच? की सेटिंगही करतो? ऑफसेट (टूलच्या मापाचे आकडे) स्वतः देतो का? टूल तुटलं तर सेटरला हाक मारतो की स्वतः बदलतो? मशीनचा कंट्रोलर कुठल्या कंपनीचा, फानुक की सीमेन्स? ॲल्युमिनियम की कास्ट आयर्न? ड्रॉइंग वाचता येतं का? कशाने मोजतो, व्हर्नियरनेच की मायक्रोमीटर, बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं) सगळं हाताळलंय? आमच्याकडे नुसता ऑपरेटर आणि सेटर-कम-ऑपरेटर यांच्या पगारात चांगला फरक पडतो. तुमच्या कागदावरून मी त्याला खालच्या गठ्ठ्यात टाकलं असतं, आणि कदाचित ते चूक ठरलं असतं.

जात, रक्तगट, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, सगळं काढा. आम्हाला लागलं तर जॉइनिंगच्या फॉर्मवर भरून घेतो. हॉबीही काढा, जागा खाते.

जाता जाता एक किस्सा. मागे एका मुलाने चुकून लग्नाचा बायोडेटा पाठवला. वर श्री गणेशाय नमः, उंची, वर्ण निमगोरा, मामेकुळ, आणि खाली "अपेक्षा : सुशिक्षित, घर सांभाळून नोकरी करणारी". साहेबांनी त्यावर शेरा मारला, "आपण ही अपेक्षा पूर्ण करू शकत नाही." पण गंमत बघा, त्यात नोकरीच्या रकान्यात त्याने नेमकं लिहिलं होतं : कुठल्या खात्यात, कुठलं मशीन, पगार किती, पर्मनंट की नाही. सासऱ्याला काय हवंय हे त्याला बरोबर ठाऊक होतं. आम्हाला काय हवंय याचा तेवढा विचार कोणी करत नाही.

तर्री_वेगळी | रात्री ११.३५

ताई, दंडवत. शेवटच्या परिच्छेदासाठी वाचनखूण साठवली.

अहिराणी_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ७.०५

भो, त्या निळ्या पट्ट्यात स्किलचे दांडे पण आहेत का? "एक्सेल ८० टक्के, इंग्लिश ७० टक्के, मराठी ९० टक्के"? माझ्या चुलतभावाच्या रेझ्युमेत होते. त्याला विचारलं, मराठीची उरलेली १० टक्के कोणती रे? म्हणे दुकानदाराने तसंच दिलं.

गोदाकाठचा_गण्या | सकाळी ७.३०

@अहिराणी_एक्सप्रेस, आहेत. टीमवर्क ९५ टक्के आहे. :(

पंचवटीचा_पासधारक | सकाळी ८.१५

गाडीतून टंकतोय, इगतपुरी सुटली की घाटात रेंज जाईल, म्हणून पटकन. मी मुंबईत सॉफ्टवेअरला आहे, आमचं प्रॉडक्टच भरतीचं आहे. मोठ्या कंपन्यांत आणि जॉब पोर्टलवर माणसाच्या आधी सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचतं. ते फोटो बघत नाही, निळा पट्टा बघत नाही, नुसता मजकूर उचलतं. दोन रकाने शेजारी शेजारी असले की काही सॉफ्टवेअर डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकत्र शिवतात. कधी हेडरमधला फोन नंबर गाळतात. आणि दुकानदाराने पान चित्र म्हणून सेव्ह करून दिलं असेल तर हाती काहीच लागत नाही, कोरा कागद.

घरच्या घरी तपासा. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. नाव, नंबर, कंपनी, तारखा सरळ क्रमाने आल्या तर ठीक. खिचडी झाली किंवा काहीच चिकटलं नाही तर

तर्री_वेगळी | सकाळी ८.१९

गेला बोगद्यात.

गोदाकाठचा_गण्या | सकाळी ९.०२

करून बघितलं. असं आलं : "हार्डवर्किंग डिप्लोमा मेकॅनिकल बी पॉझिटिव्ह थिंकिंग व्हीएमसी". रक्तगट आणि पॉझिटिव्ह थिंकिंगचं लग्न लागलंय.

पंचवटीचा_पासधारक | सकाळी ९.५०

रेंज आली. :) तर साधा वर्ड, एकच रकाना, साधा फॉन्ट. पण एक सांगतो, या सॉफ्टवेअरचा जो बाऊ केला जातो तेवढा तो राक्षस नाही. बहुतेक ठिकाणी ते आपोआप कोणाला नापास करत नाही, एचआरला शोधायची सोय करून देतं. एचआरने "फानुक" टाइप केलं आणि तुमच्यात तो शब्दच नसेल तर तुम्ही यादीत येत नाही. म्हणून जाहिरातीत जे शब्द असतील, आणि जे तुम्हाला खरंच येत असतील, ते तसेच लिहा. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याचे उद्योग करू नका, ते नोटपॅडमध्ये काळेच दिसतात.

सिडकोची_सून | सकाळी १०.१५

+१. आमच्यासारख्या ठिकाणी तर सॉफ्टवेअरही नाही, मीच आहे. आणि फाइलचं नाव बदला प्लीज. "रेझ्युमे न्यू फायनल २" या नावाच्या माझ्याकडे डझनभर फाइली आहेत. स्वतःचं नाव आणि काम, बास.

गोदाकाठचा_गण्या | रात्री ९.३३

काल रात्रीपासून भावाला बसवून ताईंचे प्रश्न एकेक विचारले. मीच थक्क झालो. फानुक कंट्रोलर. शेवटचं दीड वर्ष सेटिंग तोच करायचा, कारण सेटर सोडून गेला आणि दुसरा घेतलाच नाही. ॲल्युमिनियमची हाउसिंग, बोअरला २० मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालेल एवढा फरक), बोअर गेजवर दर पाचवा जॉब तपासून रजिस्टरला लिहायचा. टूलचा क्रम बदलून एका जॉबचा सायकल टाइम (एक जॉब पूर्ण व्हायला लागणारा वेळ) ६ मिनिटं ४० सेकंदांवरून ६ मिनिटं १० सेकंदांवर आणला.

म्हटलं, हे लिहिलं का नाहीस? तर म्हणे, "त्यात लिहायचं काय? ते तर रोजचंच काम आहे."

आणि सायकल टाइमचं काइझेन (कंपनीत सुधारणा सुचवतात ते) सुपरवायझरच्या नावाने लागलं. बक्षीस म्हणून मिळालेला जेवणाचा डबा त्यांनी नेला. मग ते आपल्या नावावर लिहायचं का?

अहिराणी_एक्सप्रेस | रात्री ९.४०

डबा गेला तरी सेकंद आपलेच भो.

सिडकोची_सून | रात्री १०.०८

हेच तर! रोजचं काम असतं म्हणूनच ते आम्हाला हवं असतं. वर्षातून एकदा करायचं काम येणारा माणूस घेऊन मी काय करू?

काइझेनचं असं लिहा : "टूलचा क्रम बदलण्याची सूचना केली, सुपरवायझरसोबत अमलात आणली, सायकल टाइम ४०० सेकंदांवरून ३७० सेकंद." एकट्याने केलं म्हणू नका, काहीच केलं नाही असंही म्हणू नका. आणि आधीचा क्रम कोणता, नंतरचा कोणता, का बदलला, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. आकडा लिहिला की प्रश्न त्यावरच येतो.

शंका_आहे_थोडी | रात्री १०.४४

माझी शंका वेगळीच. भाऊ ठेकेदाराकडून होता ना? मग अनुभवात कंपनीचं नाव लिहायचं की ठेकेदाराचं? मी स्वतः पाच वर्षं सातपूरला एका मोठ्या कंपनीच्या लाइनवर उभा होतो, युनिफॉर्म त्यांचा, कॅन्टीन त्यांचं, पण पगाराची स्लिप भलत्याच एंटरप्रायझेसची. रेझ्युमेवर कंपनीचं नाव टाकलं, सिलेक्शन झालं, आणि तपासणीत त्या कंपनीने कळवलं, "या नावाचा आमचा कर्मचारी नाही." ऑफर परत घेतली. पाच वर्षं काय मी भूत म्हणून काम केलं?

मालेगाव_मोटर्स | रात्री ११.०२

वाईट झालं राव. पण हे आता पकडलं जातंच. २०१४ पासून पीएफला यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा एक कायमचा नंबर, आलाय. नोकऱ्या बदलल्या तरी नंबर एकच आणि कुठल्या आस्थापनेने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते त्यात दिसतं. नवीन कंपनी तेच मागते. माझ्या एका मित्राने मधले आठ महिने झाकायला जुन्या कंपनीची तारीख पुढे ओढली होती. इंटरव्ह्यू झकास झाला, पीएफने दगा दिला.

सिडकोची_सून | रात्री ११.२०

@शंका_आहे_थोडी, दोन्ही लिहायचं. आधी ठेकेदाराचं नाव, कारण कागदावर मालक तो. त्याच ओळीत पुढे "कामाचे ठिकाण : अमुक कंपनी, मशीन शॉप, अंबड". यात खोटं काही नाही आणि काम कुठे केलं तेही दिसतं. नाशकात अर्धे लोक असेच काम करतात, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. लपवलं की मात्र वाटतो. आणि ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र घ्या, तो टाळाटाळ करतो, तरी घ्या. नाहीच दिलं तर पगाराच्या स्लिपा, गेटपास, पीएफ पासबुक जपून ठेवा.

सातपूरकर_जुना | बुधवार, सकाळी ६.५०

हे मात्र आम्हाला कधी करावं लागलं नाही. आमच्या वेळी कंपनी एक, मालक एक, आणि निवृत्तीला घड्याळ. वाचून वाईट वाटलं. ओळखीचं माझं म्हणणं थोडं मागे घेतो. थोडंच.

इतिहासवेडा | सकाळी ११.३७

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला नोकरीसाठी एक पत्र तयार केलं होतं. त्याचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात क्रमांक घालून मुद्दे आहेत : हलके, उचलून नेता येणारे पूल बांधतो, खंदकातलं पाणी उपसतो, तोफा करतो, झाकलेले रथ करतो. चित्रकलेचा उल्लेख पार शेवटी, "तेही येतं" अशा थाटात. लुडोविकोला लढाईची चिंता होती, म्हणून तोफा आधी.

तर्री_वेगळी | सकाळी ११.४५

आजच्या एचआरने विचारलं असतं, "लास्ट सप्परच्या चित्राला तीनेक वर्षं लागली? डेडलाइन पाळता येत नाही का?"

इतिहासवेडा | सकाळी ११.५८

सप्पर नंतरचं आहे, नोकरी लागल्यावरचं. नोकरी लागल्यावर सगळेच निवांत होतात.

भाकरी_आणि_टॅली | दुपारी ३.१०

गण्यादादा, तुमच्या धाग्यात घुसखोरी करते. मी बीकॉम, लग्नाआधी शरणपूर रोडला एका सीएंकडे चार वर्षं. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण. सात वर्षांचा गॅप. आता इंदिरानगरला घराजवळ अकाउंट्सची नोकरी शोधतेय. रेझ्युमेत २०१८ नंतर पांढरं पडतं. एका मैत्रिणीने "होममेकर : टाइम मॅनेजमेंट, मल्टिटास्किंग" लिहायला सांगितलं. वाचून मलाच हसू आलं.

सिडकोची_सून | दुपारी ४.०२

ताई, ते लिहू नका. एक ओळ पुरे : "२०१८ ते २०२५, कौटुंबिक जबाबदारीमुळे विराम." पण या सात वर्षांत हिशेबाचं काहीच केलं नाही का?

भाकरी_आणि_टॅली | दुपारी ४.२०

तसं म्हणजे सोसायटीची खजिनदार आहे, ५६ फ्लॅट. मेंटेनन्सच्या पावत्या, बँक रिकन्सिलिएशन, ऑडिटरला कागद देणं मीच करते. आणि दिराच्या दुकानाचं जीएसटीचं. पण त्याचा पगार नाही मिळत.

मालेगाव_मोटर्स | दुपारी ४.२६

हा तर गण्याच्या भावाचाच आजार. "त्यात लिहायचं काय?"

सिडकोची_सून | दुपारी ४.३१

पगार मिळाला नाही हे त्या कामाचं दुर्दैव. अनुभव आहे, लिहा. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा जीएसटीला वर्षच झालं होतं. आताचं रिटर्न तुम्हाला येतं हे पहिल्या पाच ओळींत दिसू द्या.

शुद्धलेखन_समिती | सायंकाळी ६.४०

मराठीत रेझ्युमे का नको, यावर कोणी बोलत नाही. पतसंस्था, शाळा, दूध संघ इथे मराठी अर्ज उत्तम चालतो. माझ्या पुतणीला पतसंस्थेत मराठी अर्जावरच बोलावलं. फक्त युनिकोडमध्ये टंका. जुन्या फॉन्टमधला अर्ज समोरच्याच्या संगणकावर नुसते चौकोन आणि कंस दिसतो.

अहिराणी_एक्सप्रेस | सायंकाळी ६.५५

कंपनीत मात्र इंग्रजीच बरं. पण चार ओळींचंच, येतं तेवढंच. मी "एक्सलंट कम्युनिकेशन" लिहून गेलो होतो. पहिला प्रश्न इंग्रजीत आला आणि माझं कम्युनिकेशन तिथेच संपलं.

गोदाकाठचा_गण्या | गुरुवार, रात्री ८.१५

दुसरा खर्डा. एक पान. वर नाव, मोबाइल, साधा ईमेल (आधीच्यात "डॅशिंग" होतं, भाऊ लाजला).

व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर, ३ वर्षं, फानुक कंट्रोलर.
ॲल्युमिनियम हाउसिंगचे मशीनिंग, बोअर टॉलरन्स २० मायक्रॉन. १८ महिने स्वतंत्र सेटिंग, टूल बदल, ऑफसेट. बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज. टूलचा क्रम बदलण्याची सूचना, सुपरवायझरसोबत अंमलबजावणी, सायकल टाइम ४०० वरून ३७० सेकंद.
खाली ठेकेदार, कामाचे ठिकाण, तारखा. मग डिप्लोमा. तिन्ही शिफ्टची तयारी, लगेच रुजू होऊ शकतो.

हॉबी काढली. भाऊ थोडा नाराज आहे, तो क्लबकडून विकेटकीपिंग करतो.

सिडकोची_सून | रात्री ८.५०

हा वरच्या गठ्ठ्यात. आमच्याकडे सध्या जागा नाही, नाहीतर मीच बोलावलं असतं. ६० ठिकाणी एकदम पाठवू नका. जिथे ॲल्युमिनियमचं काम चालतं अशा दहा शोधा, आणि मेलच्या मजकुरात दोन ओळी लिहा. कोरा मेल आणि नुसती अटॅचमेंट पाठवणारे निम्मे असतात.

सातपूरकर_जुना | रात्री ९.१०

हॉबी ठेवायला हवी होती. माझं मत मी दिलंय.

गोदाकाठचा_गण्या | १९ दिवसांनी, रात्री ९.४८

धागा वर काढतोय. आठ ठिकाणी पाठवला, दोन फोन आले. एक सिन्नरचा, पगार आधीपेक्षा कमी, नाही म्हटलं. दुसरा गोंद्याचा, काल जाऊन आला. आधी हातात एक जॉब आणि बोअर गेज दिला, "मोज". मग साहेब रेझ्युमेच्या त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "३० सेकंद कसे वाचवलेस?" याने कागद मागून घेतला आणि दोन्ही क्रम काढून दाखवले. वीस मिनिटं तेवढंच चाललं. ठेकेदाराबद्दल विचारलं, याने स्लिपा पुढे ठेवल्या, विषय संपला. सोमवारपासून ये म्हणालेत, तीन महिने ट्रायल, पण कंपनीच्या रोलवर.

निघताना चहा झाला. साहेब सहज म्हणाले, "खेळतोस का काही? आमच्या टीमला विकेटकीपर नाहीये."

सातपूरकर_जुना | रात्री ९.५१

🙂

सिडकोची_सून | रात्री ९.५५

काका, एक शब्द बोलू नका.